धरलेला पतंग

प्रेरणाच्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकला होता आणि इंद्रजीत तो सोडवत होता. मान वाकडी करून, डोळे बारीक करून, दोन्ही हातांनी. प्रेरणा आभाळाकडे तोंड करून उभी होती आणि हसू दाबत होती.

सत्यशीला गाडीच्या उघड्या डिकीत बसून काकडी चिरत होती. तिने सुरी थांबवली. एका पट्ट्याला इतका वेळ का लागावा, याचा ती हिशेब करत राहिली.

"झालं," इंद्रजीत म्हणाला आणि त्याने हेल्मेटवर टिचकी मारली.

मे महिना होता. जायकवाडीचं पाणी मागे सरलं होतं आणि फुगवट्याचा तळ उघडा पडला होता. जिकडे पाहावं तिकडे पांढुरकी सपाट जमीन, ऊन खाऊन टणक झालेली, वर शिंपल्यांचा चुरा. पाणी पार लांब एका चकाकणाऱ्या रेघेएवढं उरलं होतं. कुणाला डोळे बांधून इथे आणलं असतं तर त्याला हा समुद्रकिनाराच वाटला असता. दुपार कलली की पश्चिमेचा वारा सुटायचा, आणि त्याला अडवायला इथे एक झाड नव्हतं.

चार वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी परदेशी गेला असताना इंद्रजीतने असाच एक किनारा पाहिला होता. माणसं तीनचाकी गाड्यांत जमिनीलगत बसायची आणि मोठाले पतंग त्यांना ओढून न्यायचे. इंजिन नाही, ब्रेक नाही. पुढचं चाक पायांनी वळवायचं, कमरेला पट्टा, हातांत दोन मुठी, आणि मुठींपासून पतंगापर्यंत गेलेले चार दोर. परत आल्यावर त्याने वाळूजच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पाइप वाकवून अशी एक बग्गी बनवली. पतंग सत्यशीलाने शिवले. पडेगावला त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचा शिवणकामाचा क्लास होता. मुली गेल्या की ती पॅराशूटचं कापड मशीनखाली घ्यायची. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात दर रविवारी ती त्याच्याबरोबर इथे यायची. मग क्लास वाढला, ऊन सोसेना, आणि यायचं राहिलं.

मग प्रेरणा आली. हर्सूलची मुलगी, इंद्रजीतच्याच कंपनीत डिझाइनला नव्याने लागलेली. त्याने दुसरी बग्गी बनवली. गेल्या दिवाळीत सत्यशीलाने लाल-पिवळा पतंग शिवला होता, सगळ्या पतंगांत मोठा, शिवण दुहेरी. तो तिने त्याच्यासाठी शिवला होता. आता तो प्रेरणाच्या बग्गीपुढे जमिनीवर पसरलेला होता आणि वाऱ्याने फडफडत होता.

"ताई, तुम्ही शिवलाय ना हा?" प्रेरणा तिथूनच ओरडली. "एकदम जबरदस्त आहे!"

सत्यशीला हसली. ते हसू तिला स्वतःलाच गालांवर ताणल्यासारखं वाटलं.

आज ती मुद्दाम आली होती. गेले दोन महिने इंद्रजीत घरात असून नसल्यासारखा होता. सकाळी चहा गार होईपर्यंत तो मोबाइलवर एकच व्हिडिओ पाहायचा. प्रेरणा बग्गीत, लाल-पिवळा पतंग, वळण. थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा पाहायचा. सत्यशीला जवळ गेली की मोबाइल पालथा ठेवायचा. तिने काही विचारलं नव्हतं. काल फक्त म्हणाली, "उद्या मीही येते." तो क्षणभर गप्प झाला होता. तो क्षण तिने जपून ठेवला होता.

दोन्ही पतंग वर चढले. आधी बग्ग्या हलल्यासारख्या वाटल्या नाहीत, आणि मग एकदम सुटल्या. चाकांखाली शिंपले करकरले. इंद्रजीतचा निळा पतंग पुढे होता. प्रेरणाने आपला पतंग खाली आणला, जमिनीच्या अंगावरून फिरवला, पुन्हा वर घेतला, आणि तिची बग्गी त्याच्या बाजूने सरळ निघून गेली. मागे धुळीची एक शेपटी उठली. थोड्या वेळाने दोघं ठिपक्यांएवढे झाले.

जवळच मेंढ्यांचा कळप चरत आला होता. कळपामागचा म्हातारा हातातली काठी आडवी धरून मेंढ्यांना बग्ग्यांच्या वाटेतून बाजूला काढत होता. त्याची बायको गाडीच्या सावलीला येऊन टेकली. सत्यशीलाने तिला पाण्याची बाटली दिली. बाई बाटली तोंडाला न लावता वरून पाणी प्याली, तिने पदराने तोंड पुसलं.

"तुमी पयल्यांदा आल्या जनू," ती म्हणाली. "हे दोघं येत्यात दर ऐतवारी. आमचे हे मेंढरं सरकवून देत्यात त्यांच्यासाठी."

"हो का."

"लई धीट हाय पोरगी. मालक तसा, मालकीनबी तशीच. जोडा शोभतो बघा."

सत्यशीलाने काकडीच्या फोडींवर मीठ टाकलं. जरा जास्तच पडलं.

"मालकीण मी आहे," ती म्हणाली.

बाईने तिच्याकडे पाहिलं, मग लांबच्या ठिपक्यांकडे, आणि हात तोंडावर नेला. "आगं बया! मग ती?"

"त्यांच्या ऑफिसातली."

"अस्सं व्हय," बाई म्हणाली, आणि पुढे काही विचारलं नाही. तिचं ते न विचारणंच सत्यशीलाला टोचलं. थोड्या वेळाने बाईने लांब बोट केलं. तिथे काळ्या दगडांचं एक कडं जमिनीतून वर आलेलं दिसत होतं. "ती जुन्या गावची हीर. धरनात गेलं सगळं. उन्हाळ्यात तेवढी हीर वर येती. आमच्या सासूबाई तिचंच पानी भरायच्या."

"आवडे!" म्हाताऱ्याची हाक आली. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. जाताना तिने सत्यशीलाच्या खांद्याला हलकाच हात लावला. जणू घरात कुणी गेलं होतं.

जेवायला दोघं परत आले तेव्हा प्रेरणाचा चेहरा धुळीने माखला होता आणि दात तेवढे पांढरे दिसत होते. सत्यशीलाने धपाटी, ठेचा, दही काढलं. प्रेरणा मांडी घालून बसली आणि न संकोचता जेवू लागली. मनगटं दोरांनी वळ उमटून लाल झाली होती. सत्यशीला त्या मनगटांकडे पाहत होती, मग इंद्रजीतकडे. तो मनगटांकडे पाहत नव्हता. तो लाल-पिवळ्या पतंगाकडे पाहत होता.

"ताई, सरांनी सांगितलं ना तुम्हाला?" प्रेरणाने विचारलं.

"काय?"

"कच्छचं!" तिने इंद्रजीतकडे पाहिलं. "सर, सांगितलंच नाही? ताई, मला बोलावलंय. तिथं मिठाच्या रणात मोठा मेळावा असतो. बाहेरच्या देशांतले लोक येतात बग्ग्या घेऊन. सरांनी आमच्या दोघांचे व्हिडिओ पाठवले होते, आणि त्यांनी मला..." ती थांबली. आपण काय बोलून बसलो ते तिला उशिरा कळलं. "म्हणजे, सरांचंही पुढच्या वर्षी होईलच."

"होईल ना," इंद्रजीत म्हणाला. "आधी तू तर जाऊन ये. मीच शिकवलंय, माझंच नाव होणार." आणि तो हसला. हसताना त्याने खालचा ओठ किंचित दातांखाली धरला.

सत्यशीलाचा हात डब्यावर तसाच राहिला.

तो ओठ तिला माहीत होता. ज्या वर्षी तिच्या क्लासबद्दल पेपरात छापून आलं होतं, तिचा फोटो मुलींच्या मधोमध, त्या सकाळी इंद्रजीतने बातमी शेवटपर्यंत वाचली होती आणि "छान" म्हणाला होता, असाच ओठ धरून. त्यानंतर किती तरी दिवस त्याच्या मते भाजीत मीठ नव्हतं, चादरी नीट धुतल्या जात नव्हत्या, मुली फार मोठ्याने बोलत होत्या. तेव्हा तिला ते कळायला वेळ लागला होता. आज लागला नाही. सकाळचा गार चहा, पुन्हा पुन्हा मागे नेलेला तो व्हिडिओ. तो त्यात मुलीचं तोंड शोधत नव्हता. तो तिचे हात पाहत होता. त्याला जे जमत नव्हतं ते तिला कसं जमतं, ते पाहत होता.

सत्यशीलाच्या छातीवरून काहीतरी उतरलं. इतके दिवस आवळलेलं एकदम सैल झालं, आणि तिला हसूच आलं. तिने प्रेरणाच्या ताटात न विचारता आणखी एक धपाटं टाकलं. पण ते टाकताना तिला मेंढ्यांवाल्या बाईचा शब्द आठवला. जोडा शोभतो. पाहणाऱ्याला तेच दिसत होतं. ही मुलगी इथे नसती तर ते कुणालाच दिसलं नसतं.

ऊन कललं आणि वारा वाढला. गाडीचं उघडं दार आपोआप आपटलं.

"चल, एक शर्यत होऊन जाऊ दे," इंद्रजीत उठत म्हणाला. "विहिरीला वळसा घालून परत. कच्छच्या आधी गुरूला हरवून दाखव."

"हरवते की!" प्रेरणा म्हणाली.

"तुझा दोर गुंतलाय एका बाजूचा. थांब, बदलून देतो. तू हात धू."

प्रेरणा पाण्याचा कॅन घेऊन गाडीच्या पलीकडे गेली. सत्यशीला डबे आवरत होती. इंद्रजीत तिच्याकडे पाठ करून पिशवीत वाकला. त्याने नवा दोर बाहेर काढला, हातात धरला, आणि परत आत ठेवला. मग तळाशी हात घातला. या वेळी बाहेर आलेल्या निळ्या दोराला मध्ये एक काळा दोरा बांधलेला होता.

तो काळा दोरा सत्यशीलाने बांधला होता. परवा दोर गुंडाळताना तिच्या बोटांना ती जागा खरखरीत लागली होती. वरचं आवरण उसवलं होतं, आतले तंतू कातरल्यासारखे झाले होते. खूण म्हणून तिने तिथे काळा दोरा बांधला आणि त्याला दाखवलं. "फेकून देतो," तो म्हणाला होता. गेल्या वर्षी त्याचा स्वतःचा असाच एक दोर भर वेगात तुटला होता. उरलेल्या दोरावर पतंग गरगरत खाली आला होता आणि त्याने इंद्रजीतला बग्गीतून उपसून फरफटत नेलं होतं. खांदा निखळला होता. डॉक्टर म्हणाले होते, मानेवर गेलं असतं तर अवघड होतं.

इंद्रजीतने नखाने काळा दोरा तोडला, फुंकर मारून उडवला. दोराचं एक टोक पतंगाला बांधलं, दुसरं मुठीला. बांधून झाल्यावर त्याने एकदा इकडेतिकडे पाहिलं. सत्यशीला त्याआधीच खाली वाकली होती. तिने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलेलं होतं, तरी पुन्हा उघडून लावलं.

प्रेरणा ओले हात झटकत आली. "सर बांधतात तेव्हा मी बघतसुद्धा नाही," ती सत्यशीलाला म्हणाली, आणि बग्गीत बसून कमरेचा पट्टा आवळू लागली. इंद्रजीत आपल्या बग्गीकडे गेला. ती बरीच पलीकडे होती.

हाक मारायला सत्यशीलाला काहीच लागलं नसतं. दोनच शब्द. ती डिकीपाशी उभी राहिली. वारा तिचा पदर ओढत होता. मेंढ्या लांब गेल्या होत्या.

"ताई!" प्रेरणाने हात हलवला. "जरा पतंग उभा धराल का? वारा लई आहे, एकटीला उचलत नाही. मी 'सोडा' म्हटलं की सोडायचा, बस."

सत्यशीला चालत गेली. तिने लाल-पिवळं कापड दोन्ही हातांनी उचललं. आपणच घातलेली शिवण तिच्या तळव्यांना लागली. पतंगात वारा भरला तसा तो एखाद्या गुरासारखा ओढू लागला. तिने टाचा जमिनीत रोवल्या. समोर, चार दोरांच्या दुसऱ्या टोकाला, हेल्मेटखाली प्रेरणाचा धुळकट चेहरा होता. तिने अंगठा वर केला.

"सोडा!"

सत्यशीलाने बोटं सैल केली. कापड हातातून इंचभर सरकलं. तिने पुन्हा घट्ट धरलं.

"ताई, सोडा ना!"

पलीकडून इंद्रजीतनेही पाहिलं. त्याचा पतंग वर गेला होता, तो एका हाताने मुठी सांभाळत होता. "सोड की, शीला!" तो ओरडला, आणि तिच्याकडे पाहून हसला. दिवसभरात त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं होतं. फार लाडाने, लग्नाच्या पहिल्या वर्षी पाहायचा तसं.

सत्यशीलाने पतंग खाली घेतला. गुडघ्याने दाबून त्यातला वारा काढला, कडेवर माती लोटली आणि दोरांच्या बाजूने चालत प्रेरणापाशी गेली.

"मला बसू दे एकदा," ती म्हणाली.

"तुम्ही?" प्रेरणाचे डोळे मोठे झाले, आणि मग ती खरोखरच आनंदली. "अरे वा! या ना, या. पण वारा जोरात आहे, ताई. मी बरोबर पळते. घाबरायचं नाही."

तिने सत्यशीलाची साडी नीट खोचून दिली, कमरेला पट्टा बांधला, आपलं हेल्मेट तिच्या डोक्यावर चढवलं. हनुवटीखालचा पट्टा आज दुसऱ्यांदा अडकला. प्रेरणाने तो पटकन सोडवला. मग मुठी कशा धरायच्या ते दाखवून ती पतंगाकडे पळाली.

तिने पतंग उचलला तेव्हा इंद्रजीतचं लक्ष गेलं. आधी त्याला कळलं नाही. मग कळलं. त्याचा निळा पतंग वेडावाकडा होऊन जमिनीवर आदळला. मुठी टाकून, पट्टा सोडून तो पळत सुटला. पळताना एकदा पडला, उठला.

"प्रेरणा, सोडू नकोस! शीला, उतर! उतर खाली!"

तो येऊन बग्गीपुढे उभा राहिला. त्याला धाप लागली होती. तळवे सोलले होते.

"का?" सत्यशीलाने विचारलं.

"वारा बघ ना किती आहे."

"प्रेरणाला चालत होता."

"तिला सवय आहे. तुला..." त्याने तिच्या हातांतल्या मुठी काढून घेतल्या. "ऐक ना. हा दोर बरा नाही."

प्रेरणा पतंग कडेला घेऊन जवळ आली होती. तिने ते ऐकलं. पतंग खाली ठेवून तिने दोर हातात घेतला आणि बोटं त्याच्यावरून सरकवत गेली. एका ठिकाणी बोटं थांबली. तिने ती जागा डोळ्यांजवळ नेली. मग इंद्रजीतकडे पाहिलं.

"सर, आत्ताच बांधलात ना हा?"

"माझ्या लक्षात नाही आलं," इंद्रजीत म्हणाला. "म्हणजे, आत्ता लक्षात आलं. जुना होता तो."

वाऱ्याचा आवाज फार होता. तरी सगळं ऐकू येत होतं.

प्रेरणाने दोर पतंगावरून सोडला, मुठीवरून सोडला, कोपर ते पंजा असा नीट गुंडाळला आणि आपल्या सॅकमध्ये ठेवला. "हा माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली.

इंद्रजीत सत्यशीलासमोर गुडघ्यावर बसला. तो तिच्या कमरेचा पट्टा सोडू लागला. बक्कल त्याला सुटेना. "तुला काही झालं असतं म्हणजे?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "शीला, तुला काही झालं असतं म्हणजे मी काय केलं असतं?"

डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. ते खरं होतं. हेच पाहायला ती आज आली होती.

"आणि तिला?" तिने विचारलं.

तो बक्कलाशी झटत राहिला. तिने त्याचा हात बाजूला केला आणि स्वतःच ते काढलं.

तिघांनी सामान भरलं. इंद्रजीत गाडीच्या चालकाच्या बाजूला गेला तेव्हा सत्यशीलाने हात पुढे केला. त्याने किल्ली दिली. प्रेरणा मागे बसायला निघाली होती. सत्यशीला म्हणाली, "पुढं बस." इंद्रजीत मागे बसला, गुंडाळलेल्या पतंगांच्या शेजारी.

पडेगावला घरापाशी त्याने पिशव्या उतरवल्या. खिडकीशी येऊन उभा राहिला. "तू उतर. मी सोडून येतो तिला."

"नको," सत्यशीला म्हणाली, आणि तिने गाडी वळवली.

शहरात रविवारची गर्दी होती, आइस्क्रीमच्या गाड्यांपाशी लेकुरवाळी माणसं उभी होती. प्रेरणा सॅक मांडीवर घट्ट धरून बाहेर पाहत होती. हर्सूलच्या जेलची लांब भिंत सुरू झाली तेव्हा ती बोलली.

"ताई, तुम्हाला आधीच माहीत होतं."

"हो."

"किती आधी?"

"त्यांनी बांधला तेव्हा. मी बघितलं."

प्रेरणा पुढच्या काचेकडे पाहत राहिली. "म्हणून पतंग सोडला नाही तुम्ही."

एवढ्यावर थांबता आलं असतं. सत्यशीलाने समोरच्या रिक्षाला जागा दिली. तिच्या तळव्यांवर कापडाच्या शिवणीचा वळ अजून होता.

"सोडणार होते," ती म्हणाली.

प्रेरणाने मांडीवरची सॅक आणखी जवळ ओढली. भिंत संपली, हर्सूल तलावाकडून येणारा गार वारा खिडकीतून आत आला.

"पुढून डावीकडं घ्या," ती म्हणाली. आणि वळण अगदी जवळ आल्यावर, मघाशी गाळलेला शब्द जोडत, "ताई."